चौक आधी आखा: कोल्हापूरच्या पेठांत घरं उभारणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापुरातील आर्किटेक्ट, इंजिनिअर, बांधकाम कंत्राटदार आणि छोटे बिल्डर यांस

सप्रेम नमस्कार.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ, शुक्रवार पेठ. या भागात जुना वाडा उतरला की नव्या नकाशावर पहिली फुली चौकावर, म्हणजे घराच्या आतल्या उघड्या अंगणावर पडते. "दहा बाय दहा रिकामं कशाला ठेवायचं, तेवढ्यात एक खोली बसते," असं मालक म्हणतो आणि टेबलाच्या अलीकडचे आपण मान डोलावतो. दोन्ही बाजूंना सामायिक भिंती, पुढे रस्ता, मागे हातभर परडं. अशा पट्टीत ओळीनं चार खोल्या बसवल्या की मधल्या दोन खोल्यांत भर दुपारी ट्यूब लावावी लागते. लाईट गेली की त्या खोल्यांतून माणसं सोप्यात येऊन बसतात.

आता याचीच दुसरी तऱ्हा निघाली आहे. चौकाला पुन्हा भाव आल्यामुळे जाहिरातीत 'कोर्टयार्ड होम' छापून येतं. प्रत्यक्षात चार बाय चारचा शाफ्ट, म्हणजे उभी अरुंद पोकळी असते, वर पॉलिकार्बोनेटचा पत्रा, खाली पांढरे गोटे आणि प्लास्टिकचा बांबू.

हे पत्र लिहिणारे आम्ही याच धंद्यातले आहोत आणि याच पेठांत राहतो. आमच्या टेबलावरूनही असे नकाशे गेले आहेत. त्यामुळे हा आरोप कुणा एकावर नाही, सगळ्यांवर आहे. जुन्या वाड्यांची हळहळही इथे करायची नाही. चौक हा अरुंद जागेतला बांधकामाचा प्रश्न आहे आणि तो मापांनी सुटतो. ती मापं चुकतात कुठे, एवढंच मांडायचं आहे.

पहिली तक्रार सगळ्यात मोठी: आपण चौकाचं तळमाप बघतो, त्याच्या भिंतींची उंची बघत नाही. जुन्या चौसोपी घरात दहा फुटांचा चौक चालायचा, कारण भोवती एक मजला आणि फार तर वर बुटकी माडी असायची. तेच दहा फूट ठेवून भोवती तीन मजले चढवले की चौकाचा आड होतो. हिशेब करून बघा. कोल्हापूरचा अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर. २२ डिसेंबरच्या आसपास दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५० अंश वर येतो. २१ मार्चला ७३ अंशांच्या थोडा वर. चौक दक्षिणोत्तर १० फूट आणि दक्षिणेची भिंत २० फूट असेल, तर मार्चच्या दुपारी सावली ६ फूट पडते आणि फरशीवर ४ फूट ऊन मिळतं. भिंत ३० फूट झाली की सावली ९ फुटांची, म्हणजे उन्हाला एक फुटाची पट्टी उरली. डिसेंबरात तर २० फुटी भिंतीची सावली जवळजवळ १७ फूट जाते. ऊन समोरच्या भिंतीवर ८ फुटांच्या वरच लागतं आणि तळमजल्याला त्याचं दर्शनही होत नाही.

हीच दक्षिणेची बाजू ११ फुटांवर रोखली, म्हणजे एक मजला आणि छोटा कठडा एवढंच ठेवलं, तर डिसेंबरच्या दुपारचं ऊन उत्तरेच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत पोचतं. म्हणून चौकाच्या दक्षिणेला एकच मजला ठेवा. वरचे मजले पूर्वेला आणि पश्चिमेला चढवा. इतका साधा नियम असूनही तो नकाशात दिसत नाही, कारण आपण मालकाला प्लॅन दाखवतो आणि सेक्शन, म्हणजे घराचा उभा छेद, फाइलला लावून देतो. चौकाचं बरंवाईट सेक्शनमध्येच कळतं.

दुसरी तक्रार जागेची. २० फूट रुंद, ५० फूट खोल, म्हणजे १००० चौरस फूट, गुंठ्याला थोडी कमी, अशी जागा धरू. पेठांत हे माप नवलाचं नाही. रस्ता पश्चिमेला आहे असं समजू. इथे चौक बरोबर मध्यावर ठेवण्याचा मोह वाड्याच्या आठवणीतून येतो, पण तो अंगलट येतो. बाहेरच्या भिंती वजा केल्या की आत साडेअठरा फूट उरतात. मध्ये दहाचा चौक घेतला तर दोन्हीकडे चार-चार फुटांच्या बोळकांड्या राहतात, ज्यांत खाटही बसत नाही. चौक एका सामायिक भिंतीला चिकटवा, तोही उत्तरेच्या. मग दक्षिणेला साधारण आठ फूट मिळतात. त्यात ३ फुटांचा सरळ जिना दक्षिणेच्या भिंतीला लागून, आणि जिना व चौक यांच्यामध्ये साडेचार-पाच फुटांची पडवी. दहा फूट चढायला साडेसात इंचाच्या १६ पायऱ्या लागतात, दहा इंचाचं पाऊल धरलं तर जिन्याची लांबी साडेबारा फूट. म्हणजे तो स्वयंपाकघराच्या बाजूला फूट-दोन फूट घुसतो. घुसू द्या, त्याच्याखाली धान्याचे डबे आणि सिलिंडर बसतात.

५० फूट खोल जागेची वाटणी रस्त्याकडून अशी: ओटा ५ फूट, सोपा १२, चौक ११, स्वयंपाक आणि जेवण १२, न्हाणी-संडास ५, परडं ५. बेरीज ५०. चौक १० बाय ११, म्हणजे ११० चौरस फूट, जागेच्या ११ टक्के. पूर्व-पश्चिम ११ का, ते छज्ज्याच्या मुद्द्यात येईल. वरच्या मजल्यावर सोप्यावर एक खोली, स्वयंपाकघरावर एक, आणि दोन्ही जोडणारी वाट पडवीच्या स्लॅबवरून उघड्या गच्चीसारखी. जिन्याची टोपी अठरा फुटांपर्यंत जाते, पण ती चौकाच्या कडेपासून ५ फूट मागे असल्यामुळे तिची सावली कठड्याच्या सावलीपेक्षा फारशी पुढे येत नाही.

दक्षिणेचा शेजारी उद्या तीन मजले चढवेल, मग काय, असं विचाराल. रास्त शंका आहे. शेजाऱ्याची भिंत चौकाच्या कडेपासून साडेआठ फुटांवर आणि ३० फूट उंच झाली तर हिवाळ्याचं ऊन जाईल. पण आभाळाचा उजेड राहतो, आणि तो आत वळवायचं काम उत्तरेची सामायिक भिंत करते. ती पांढरी ठेवा. टेक्स्चर नको, दगडी क्लॅडिंग नको, गडद हिरवी उभी बाग तर नकोच. अरुंद चौकात पांढरी भिंत हाच दिवा. तिच्यात खिडकी काढता येत नाही, हे एका दृष्टीनं बरंच आहे.

बाजूला तीन फुटांची पट्टी सोडून 'हवा खेळते' म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. ३ गुणिले ५० म्हणजे १५० चौरस फूट. त्या फटीत दोन घरांच्या भिंती समोरासमोर येतात, खिडकी उघडली की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात. जिथे नियम बाजूचं अंतर सोडायची सक्ती करत नाहीत, तिथे तीच जागा एकत्र आणली तर चौक होऊन शिवाय ४० चौरस फूट उरतात.

तिसरी तक्रार पाण्याची. चौक बदनाम होतो तो पाण्यामुळे. "पावसाळ्यात घरात पाणी शिरतं" हे ऐकून निम्मे मालक चौक नाकारतात, आणि त्यांचं चुकत नाही. पाणी खरंच शिरतं. पण ते आभाळातलं कमी आणि आपल्या प्लंबिंगचं जास्त असतं. ११० चौरस फूट म्हणजे सुमारे १० चौरस मीटर. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर चौकात हजार लिटर पाणी पडतं. एवढं पाणी एका पाइपातून सहज जातं. पण सोय म्हणून सगळ्या गच्चीचा ढाळ चौकाकडे दिला, तर आणखी ७०० चौरस फुटांचं पाणी, म्हणजे साडेसहा हजार लिटर, त्याच जाळीवर येतं. जाळीवर पिंपळाचं एक पान आणि प्लास्टिकची एक पिशवी बसली की पाणी उंबऱ्याला लागलंच. गच्चीचं पाणी चौकात सोडू नका. पुढच्या निम्म्या गच्चीचं पुढे, मागच्या निम्मीचं मागे. मागे गल्ली नसेल तर मागचं पाणी घराखालूनच पुढे आणावं लागतं. त्याला स्वतंत्र पाइप टाका, चौकाच्या पाइपाला जोडू नका.

चौकाचं तळ घराच्या फरशीपासून ६ इंच खाली. ढाळ साठात एक, म्हणजे दहा फुटांना दोन इंच. तोंडं दोन: एक सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, दुसरं त्याच्यापेक्षा दोन इंच वर, पहिलं तुंबल्यावर चालायला. जाळी सपाट नको, घुमटाची घ्या. सपाट जाळी एका पानानं बंद होते. पाइप ११० मिलिमीटरचा, ढाळ ऐंशीत एक, दोन्ही टोकांना दीड बाय दीड फुटांचं चेंबर, म्हणजे बांबू घालून साफ करता येईल. आणि हात जोडून सांगतो, या पाइपाला मोरीचं किंवा संडासाचं पाणी जोडू नका. 'तेवढाच एक पाइप वाचला' म्हणून केलेली ती जोडणी पहिल्याच मोठ्या पावसात तुळशीपुढे उघडी पडते.

जोत्याची उंची याच पाइपावरून ठरते, पण आपण ती शेजारच्या घराकडे बघून ठरवतो. खालून वर मोजा. गटारातल्या नेहमीच्या पाण्याच्या वर पाइपाचं तोंड किमान ३ इंच. चौक ते रस्ता २५ फूट, ऐंशीत एकनं जवळजवळ ४ इंच चढ. पाइपाची जाडी साडेचार. वर काँक्रीट आणि फरशी ४. झाले साडेपंधरा. त्यावर चौकाचा ढाळ २ आणि पायरी ६. म्हणजे घराची फरशी गटाराच्या पाण्यापासून साधारण दोन फूट वर हवी. शिवाय पेठांतले रस्ते दर डांबरीकरणात वर येतात आणि जुनी जोती खड्ड्यात जातात. त्यासाठी आणखी सहा इंच हाताशी ठेवा. हा हिशेब नकाशावर लिहिलेला असला तर गवंडीही चुकत नाही. लिहिलेला नसला तर तो कामाच्या दिवशी डोळ्यानं लेव्हल धरतो.

सखल भागात आणखी एक गोष्ट लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत, सुतारमळ्यात काय झालं ते वेगळं सांगायला नको. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून वर जाऊ लागली की सखल भागातली गटारं उलटी वाहू लागतात, आणि पाणी दारातून यायच्या आधी चौकाच्या जाळीतून वर येतं. पुढच्या चेंबरमध्ये उलट पाणी अडवणारा झडपेचा व्हॉल्व्ह बसवा, आणि तो दर मे महिन्यात उघडून साफ करायचा, हे मालकाला लेखी द्या. हा व्हॉल्व्ह महापूर अडवत नाही. गटार तुंबून येणारं पाणी अडवतो, आणि ते प्रकार महापुरापेक्षा कितीतरी जास्त वेळा होतात.

शोषखड्डा चौकात घेऊ नका. शेजारची भिंत मातीच्या गिलाव्यातली दगडी असते, खाली बऱ्याचदा काळी माती. ती भिजून फुगते, वाळून आकसते आणि भिंतीला तडे जातात. पाणी वाचवायचंच असेल तर पडवीखाली हजार लिटरची टाकी घ्या.

चौथी तक्रार छज्ज्याची आणि उघडण्यांची. कोल्हापूरचा पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पाऊस चौकाच्या पूर्वेच्या अंगावर, म्हणजे वरच्या मांडणीत स्वयंपाकघराच्या दारावर, तिरका मारतो. तिथे ३ फुटांचा छज्जा हवा. पण हा छज्जा चौकातच उतरतो. अकरा फुटांचा चौक पूर्व-पश्चिम आठच फूट उघडा उरतो. म्हणून सोप्यातला एक फूट काढून चौकाला दिला. चौकाचं माप भिंतीपासून भिंतीपर्यंत सांगू नका, छज्ज्यांच्या कडांमधलं सांगा. छज्ज्यात मुख्य सळी वर असते, हे आपण सगळे शिकलो. स्लॅब भरताना त्याच सळीवर मजूर उभे राहतात, सळी खाली दबते आणि दोन-चार वर्षांनी भिंतीलगत चीर पडते. सळीखाली चेअर, म्हणजे सळी वर उचलून धरणारे आधार घाला आणि चालायला फळ्या टाका. छज्ज्याच्या खालच्या कडेला अर्ध्या इंचाची खाच ठेवा, नाहीतर पाणी वळून भिंतीवर येतं आणि तुमची पांढरी भिंत ऑगस्टपर्यंत काळी होते.

खिडकी खोलीच्या क्षेत्रफळाच्या सहाव्या भागाएवढी उघडली पाहिजे, असं धरून चाला. १० बाय १२ च्या खोलीला २० चौरस फूट, म्हणजे ४ बाय ५ ची खिडकी. आता तीत दोन पल्ल्यांची स्लायडिंग बसवली की उघडते ती निम्मीच. चौकाकडच्या खिडक्या पल्ल्यांच्या करा. बाहेर चौकाकडे उघडणारे पल्ले पडवीत डोक्याला लागतात, म्हणून ते खोलीच्या आत उघडू द्या. सोप्याला रस्त्याकडे एक आणि चौकाकडे एक खिडकी, दोन्ही समोरासमोर. मग पश्चिमेचा वारा घरातून जातो.

स्वयंपाकघर चौकाच्या पूर्वेला असण्याचं कारणही वाराच. तांबड्या रश्श्याची फोडणी पश्चिमेला बसली की ती संध्याकाळभर मागच्या खोलीतल्या गादीत राहते. एक्झॉस्ट परड्याकडे काढा. एसीचं बाहेरचं मशिन, गॅस गिझरचं धुराडं, न्हाणीची खिडकी, यांपैकी काहीही चौकात सोडू नका. तसं सोडलं तर तो डक्टच झाला, मग तळमाप कितीही असो.

पाचवी तक्रार झाकण्याची. परवान्याच्या नकाशावर उघडा दाखवलेला चौक ताबा मिळाल्यावर पॉलिकार्बोनेटखाली जातो. मालक हौसेनं झाकत नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो आणि फरशीवर पाय ठेववत नाही. वर कबुतरं, मांजर, चोराची भीती. यातल्या एकाचंही उत्तर आपण नकाशात दिलेलं नसतं. मग तो पत्रा टाकतो, वर चढलेली गरम हवा पत्र्याखाली कोंडते, आणि पावसाच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही.

उत्तर आधीच द्या. वर १२ मिलिमीटरच्या चौकोनी सळयांची जाळी, चार इंचांच्या अंतरानं, मध्ये ५० बाय ५० चा बॉक्स पाइप, नाहीतर दहा फुटांत सळ्या झोळ धरतात. अँकर कठड्याच्या आतल्या अंगाला. वॉटरप्रूफिंग केलेल्या स्लॅबला भोक पाडू नका. जाळीत एक कुलपाचं दार, साफसफाईसाठी. जाळीखाली तारांवर सरकणारी निम्म्या सावलीची शेडनेट, मार्च ते मे ओढायची, वळवाच्या ढगांबरोबर गुंडाळायची. फरशी पॉलिश ग्रॅनाइटची नको, ओली झाली की घसरते. खरबरीत शहाबादी घाला. झाड लावायचं तर ३ बाय ३ चा आळ्याचा चौकोन थेट जमिनीला लागलेला, त्यात अनंत, कर्दळ, फार तर पारिजात. आणि तुळशी वृंदावन पाइपावर बांधू नका. पुढे पाइप तुंबल्यावर ते फोडायला कुणाचाही हात धजत नाही.

"हे सगळं मोठ्या जागेवर जमतं," हा शेवटचा बचाव. जपानी आर्किटेक्ट तादाओ आंदोनं ओसाकात १९७६ साली सुमियोशीचं घर बांधलं ते ३.३ मीटर रुंद आणि १४.१ मीटर खोल, म्हणजे ११ फूट बाय ४६. त्यातला मधला एक तृतीयांश भाग पूर्ण उघडा चौक आहे. पावसात न्हाणीत जायला छत्री लागते. ते मात्र इथे जुलैत कुणी ऐकून घेणार नाही, म्हणून आपल्याला पडवी हवी. आणि आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरला ऐंशीच्या दशकात ४५ ते ७५ चौरस मीटरच्या जागांवर घरं आखली, तीही उघड्या अंगणांभोवती. आपली २० बाय ५० ची जागा ९३ चौरस मीटर भरते.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. मालकाला पहिला नकाशा दाखवाल तेव्हा सोबत चौकातून कापलेला सेक्शन द्या आणि त्यावर डिसेंबर आणि मार्चच्या दुपारच्या उन्हाच्या रेषा काढा. गटार, चेंबर, चौक आणि घराची फरशी या चार लेव्हल इंचांत लिहा. जाळी आणि सावलीची सोय अंदाजपत्रकातच धरा, 'नंतर बघू' म्हणून सोडू नका. आठ फुटांपेक्षा कमी उघडी जागा असेल तर तिला डक्ट म्हणा, जाहिरातीतसुद्धा. सामायिक भिंतीलगत पाया खणण्याआधी शेजाऱ्याला बोलावून त्याच्या भिंतीचे फोटो काढा, आणि खणताना चार-पाच फुटांचे टप्पे एकाआड एक घ्या. अख्खा चर एकदम उघडलात तर मातीच्या गिलाव्यातली भिंत रात्रीत बसते. नगररचना खात्याला एकच विनंती: पेठांतल्या अरुंद जागांच्या प्रस्तावात चौक दाखवला असेल तर हा सेक्शन मागून घ्यावा, आणि भोगवटा प्रमाणपत्र देताना तो चौक उघडा आहे का हे वर गच्चीवर जाऊन बघावं.

वरच्या मापांत कुणाला चूक दिसली, किंवा १५ फूट रुंद जागेत याहून बरी मांडणी कुणी केली असेल, तर ती मापांसह सगळ्यांसमोर ठेवावी. पंधरा फुटांचं आमचंही अजून नीट जमलेलं नाही. चौक आठचा ठेवला की जिना अडतो.

आपले,
पेठांत राहणारे आणि पेठांतच घरं आखणारे काही व्यावसायिक
कोल्हापूर